शेऱ्याचा रकाना

आमच्या महाडच्या कॉलेजात "माझा जरा गोंधळ झालाय" हे वाक्य भर वर्गात म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो रसायनशास्त्र शिकवत होता. गोंधळ आम्हा सगळ्यांचाच व्हायचा. पण आम्ही घड्याळाकडे बघून "उरलेलं उद्या" म्हणत सटकायचो. सकपाळ सर खडू खाली ठेवायचे, फळ्यापासून दोन पावलं मागे यायचे, आपणच लिहिलेलं समीकरण कुणा परक्याचं असल्यासारखं न्याहाळायचे आणि म्हणायचे, "थांबा. माझा जरा गोंधळ झालाय." मग अख्खा वर्ग त्यांच्याबरोबर गोंधळायचा. मागच्या बाकांवरून सूचना यायच्या, कुणीतरी फळ्यापाशी येऊन एखादा आकडा पुसायचं. शेजारच्या वर्गात गणित शिकवताना मला तो गलका ऐकू यायचा. मी एकही गणित फळ्यावर चुकत नसे, आणि माझी निम्मी मुलं नापास व्हायची. त्यांची पास व्हायची. याचा अर्थ मला नोकरी संपेपर्यंत लागला नाही.

शांताराम सकपाळ राहायला पोलादपूरला, पण मूळचे वर डोंगरातल्या एका कोंडावरचे. दहा-पंधरा घरं, तेवढीच गुरं आणि नाचणीची शेतं, त्याला तिकडे कोंड म्हणतात. शाळेसाठी खाली उतरले ते खालीच राहिले. रोज एसटीने महाडला येत. खांद्याला कॅनव्हासची जाड पिशवी, तिच्यात जेवणाच्या डब्याशेजारी पाण्याच्या सात-आठ बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर गावाचं नाव. एकदा नव्याने रुजू झालेल्या एका सरांनी तहानेच्या भरात त्यातली एक बाटली रिकामी केली. मला वाटलं, आता सकपाळ सर चिडणार, कारण ती बाटली आणायला त्यांचा एक रविवार गेला होता. सरांनी शांतपणे वही काढली आणि विचारलं, "चव कशी लागली?" ते सर घाबरून म्हणाले, "जरा लोखंडासारखी." सकपाळ सरांनी ते लिहून घेतलं, पिणाऱ्याच्या नावासकट.

हे लिहून घेणं म्हणजे सरांचं व्यसन होतं, आणि लिहायचं ते रकान्यांतच. कोरा कागद हातात आला की आधी उभ्या रेघा मारायच्या, मग काय लिहायचं ते ठरवायचं. शेवटचा रकाना कायम शेऱ्याचा. आता सरकारी कागदावर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो आणि तो कोरा सोडायचा असतो, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. सरांचा शेरा कधी कोरा नसे. प्रयोगशाळेतल्या फुटलेल्या काचसामानाच्या यादीत त्यांनी लिहिलं होतं, "मुलाचा दोष नाही, ओट्याची फरशी हलते." स्टाफच्या सहलीच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "घाटात खिडकी द्यावी." मला घाट लागतो हे मी त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं.

एकदा विद्यापीठाची तपासणी समिती आली आणि त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी नेमका सकपाळ सरांचा हजेरीपट उघडला. जुलै महिना, निम्मा वर्ग लावणीला गेलेला. प्रत्येक गैरहजर मुलापुढे त्या बोटभर रुंदीच्या रकान्यात मुंगीएवढ्या अक्षरात कारण: लावणी. म्हैस व्यायली. नदीला पाणी, पुलावरून येता येत नाही. एका मुलीपुढे होतं, "कारण सांगत नाही. घरी काहीतरी आहे, बघावे." गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आमच्या प्राचार्यांच्या कपाळावर घाम.

"हे सगळं लिहायची गरज काय?" गृहस्थांनी विचारलं.

"गैरहजर लिहिलं की आला नाही एवढंच कळतं," सर म्हणाले. "का आला नाही ते मग कुठं लिहायचं?"

समितीच्या अहवालात "नोंदी अतिशय सविस्तर" असं वाक्य आलं. ही स्तुती की तक्रार, यावर स्टाफरूममध्ये दोन आठवडे वाद झाला. सरांना विचारलं तर म्हणाले, त्यांचाही गोंधळ झालाय.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर या माणसाने पीएच.डी.ला नाव नोंदवलं. पोलादपूर आणि महाड तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांवर लोक ज्या झऱ्यांचं पाणी पितात, त्या पाण्याची तपासणी हा विषय. गाइड मुंबईचे. चौतीस वाड्या, तिन्ही ऋतूंत प्रत्येकीला जाऊन यायचं, आणि सहा वर्षं सर दर रविवारी तेच करत होते. बाटली भरायची, तिथल्या तिथे काही मोजायचं, बाकीचं सोमवारी प्रयोगशाळेत. वाडी, झऱ्याचं नाव, उंची, आम्लता, जडपणा, लोह, क्षार असे रकाने भरत जायचे आणि शेवटी अर्थातच शेरा. त्यात ते पाणी पिणारा माणूस पाण्याबद्दल काय म्हणतो ते, त्याच्या नावासकट आणि त्याच्याच शब्दांत. प्रबंध इंग्रजीत होता, पण शेऱ्यात आधी त्या माणसाचं वाक्य इंग्रजी लिपीत जसंच्या तसं आणि मग त्याचा अर्थ, अशी सरांची पद्धत.

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर उंबरकोंडावर गेले होते. पोलादपूरहून पुढे जीप, मग दीड तास चढ. सर पिशवी घेऊन पुढे आणि मी दर दहा मिनिटांनी देखावा बघायच्या निमित्ताने थांबलेली. वर भागीआये नावाची म्हातारी होती. नऊवारीचा काचा मारलेला, हातात विळा, आवाज खणखणीत. सर तिच्याशी बोलायला लागले आणि मी चमकले, कारण स्टाफरूममधले सर कुठल्या कुठे गेले होते.

"आये, ह्या झऱ्याचं पानी कसं हाय गो?"

"पानी हाय ब्येस. पन चा काळा व्हतो रे. दूध घातलं तरी काळाच. नि चैतात म्हस तोंड लावीत नाय, हुंगते नि माघारी फिरते. माजी सासू सांगायची, ह्या पान्यात डोंगराचं रगत हाय. आमी पितो, काय झालं नाय. पन बाळंतिनीला देत नाय."

सरांनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. सोमवारी तपासलं तर त्या पाण्यात लोह भरपूर निघालं. लोहाने चहा काळा पडतो हे सरांनी मला समजावून सांगितलं आणि म्हणाले, "मला हे कळायला सहा रसायनं लागली. तिला एक कप चहा पुरला."

पण त्या दिवशी वर असताना भागीआयेने विचारलं होतं, "माजं नाव लिवलंस का रे, शांताराम?"

"लिवलं."

"दाव."

तिला अक्षर येत नव्हतं. सरांनी लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं, मग वही तिच्यापुढे धरली आणि शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. आपण कोष्टकातल्या चौकोनाला घर म्हणतो, तसंच सर म्हणाले, "हे तुजं घर."

म्हातारीने वही डोळ्यांजवळ नेली. "अगदी कडंला घातलंस व्हय?"

"कडंला हाय, पन सगळ्यात मोठं हाय."

"छापशील तवा ऱ्हाईल ना?"

"ऱ्हाईल गो. छापून झालं की आनून दावतो तुला," सर म्हणाले. म्हातारीने आम्हाला काळा चहा पाजला आणि मी तो संपवला.

आता लॅटेकचं. सरांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत एम.टेक. करत होता. त्याने सरांना एक सीडी दिली. म्हणाला, "सर, एवढा मोठा प्रबंध वर्डमध्ये करू नका, सगळं विस्कटतं. हे लॅटेक नावाचं सॉफ्टवेअर वापरा. यात प्रबंधाचा साचा तयार आहे. समास, पान क्रमांक, प्रकरणं, सगळं विद्यापीठाच्या मापाने आपोआप बसतं. तुम्ही फक्त मजकूर घालायचा." सीडीवरचं स्पेलिंग वाचून सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "मी प्रबंध लॅटेक्समध्ये करतोय." आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे रुईच्या चिकात?" त्यावर जे हसू झालं ते कॉलेजबाहेर गेलं, आणि चार दिवसांनी महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्टला जाणारा सरांचा विद्यार्थी मोटरसायकलवर पाच लिटरचा कॅन बांधून हजर. आत दाट पांढरं लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक.

"साहेबांना विचारून आणलंय, सर. पुस्तक चिकटवायला कमी पडलं तर अजून आणतो. फक्त थंडीत ठेवू नका, गोठतं."

सरांनी त्याला चहा पाजला, कॅनला चिकटपट्टी लावली आणि साठ्याच्या वहीत नोंद केली. शेरा: "गैरसमजातून मिळाले. चांगले आहे."

मी एम.फिल.च्या वेळी लॅटेक थोडं वापरलेलं होतं, गणिताची सूत्रं टाइप करण्यापुरतं. तेवढ्या भांडवलावर मला कॉलेजने तज्ज्ञ ठरवलं. खरं सांगायचं तर मला दोनच गोष्टी येत होत्या, आणि त्यातली एक चुकीची होती. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एक संगणक होता, तिथे दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं बसायचो. लॅटेकमध्ये आपण एका बाजूला आज्ञा लिहायच्या, मग यंत्राला पान तयार करायला सांगायचं, आणि ते पान तयार करता करता इंग्रजीतून कुरकुर करत असतं. "ओव्हरफुल" असा शेरा पहिल्यांदा आला तेव्हा सर खूश झाले. म्हणाले, "हे मला कळतं. सव्वापाचची पोलादपूर गाडी." त्यानंतर आला "बॅडनेस दहा हजार." सरांनी चष्मा वर केला. "बाई, आपण एवढं काय केलं हो?" मला माहीत नव्हतं. मी विश्वासाने म्हटलं, "तसं येतंच."

टक्क्याच्या चिन्हाने तर आम्हाला आठवडाभर छळलं. सरांच्या पहिल्या प्रकरणातली वाक्यं अर्ध्यात तुटायची. "या वाड्यांपैकी साठ" आणि पुढे काहीच नाही. शेवटी कळलं की लॅटेकमध्ये टक्क्याचं चिन्ह आलं की त्याच्यापुढची सगळी ओळ यंत्र सोडून देतं. मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो, पण कागदावर येत नाही. सरांनी त्या चिन्हावर बोट ठेवलं. "म्हणजे आहे, पण दिसायचं नाही," ते म्हणाले. "चमत्कारिकच आहे."

आणि मग आलं ते मोठं टेबल. चौतीस वाड्या, आठ रकाने, पाचव्या प्रकरणाचा जीव. आम्ही ते घातलं आणि पान उघडून बघतो तर टेबल उजवीकडचा समास ओलांडून कागदाबाहेर गेलेलं. आकडे सगळे जागेवर. शेऱ्याच्या रकान्यातली फक्त पहिली दोन-तीन अक्षरं दिसत होती, बाकी सगळी माणसं कागदाच्या पलीकडे.

मग आमचे उपाय सुरू झाले. अक्षर लहान केलं. तरी बाहेर. आणखी लहान केलं, तर आकडे वाचायला भिंग लागायला लागलं. टेबल आडवं केलं, पानच फिरवलं. आडव्या पानातूनही ते बाहेर गेलं. अख्खं टेबल दाबून पानात बसवायची एक आज्ञा मला सापडली. ती दिल्यावर टेबल बसलं खरं, पण गालिच्यावर साखर सांडावी तसं दिसायला लागलं. एकदा तर टेबल पाचव्या प्रकरणातून नाहीसंच झालं आणि थेट प्रबंधाच्या शेवटी, संदर्भसूचीच्या आधी सापडलं. सर म्हणाले, "एवढ्या लांब गेलं, बिचारं." मी गणिताची बाई. कारणाशिवाय काही होतं हे मला पटत नाही, आणि इथे रोज नवं काहीतरी कारणाशिवाय होत होतं. मी घरी चिडचिड करायला लागले होते.

एवढं मात्र मला कळलं होतं की रकान्याची रुंदी त्यातल्या सगळ्यांत लांब मजकुरावर ठरते. सगळ्यांत लांब शेरा कुणाचा ते बघितलं. भागीआयेचा. काळा चहा, म्हैस, सासू, डोंगराचं रक्त, बाळंतीण, हे सगळं एका ओळीत, आणि त्याच्यापुढे इंग्रजी अर्थ. तिच्या एकटीमुळे रकाना एवढा ताणला जात होता.

"सर, हिचं थोडक्यात लिहू या," मी म्हटलं. "चहा काळा होतो. बास."

"नाही, बाई."

"अर्थ तोच राहील."

"मी तिला वाचून दाखवलंय. तिने ऐकलंय. आता कमी केलं तर मी खोटा पडलो."

"तिला कुठे कळणार आहे, सर?"

सर माझ्याकडे असं बघायला लागले की मी उगाच माउस हलवला.

तोपर्यंत मार्च उजाडला होता. सरांच्या नोंदणीची मुदत मार्चअखेर संपत होती. दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. गाइड त्याच वर्षी निवृत्त होत होते. आता जमा झालं नाही तर सहा वर्षांचे रविवार पाण्यात जाणार होते, आणि पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा कोण त्यांना विद्यार्थी म्हणून घेणार? हे सरांनाही माहीत होतं. त्यांच्या बायकोने मला बाजारात गाठून हात धरून सांगितलं होतं, "बाई, एवढं पार पाडा. बोलत नाहीत, पण झोप नाही त्यांना."

शेवटच्या शनिवारी दुपारी गाइडचा फोन ऑफिसात आला. सर प्रात्यक्षिक परीक्षेवर होते, म्हणून मी घेतला. गाइड माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. "समासाबाहेर गेलेलं टेबल विद्यापीठ स्वीकारत नाही. त्यांना म्हणावं शेरा काढून टाका, तो काही विज्ञान नव्हे. बाकीचं उत्तम बसतंय. सोमवारी सकाळी प्रती घेऊन या, मी सही करतो."

मी परीक्षेच्या खोलीच्या दारात जाऊन सरांना बाहेर बोलावलं आणि निरोप सांगितला. सरांच्या हातात कुणाची तरी उत्तरपत्रिका होती. तिची त्यांनी नीट घडी घातली आणि ती परत उघडली.

"मग राहू दे," ते म्हणाले.

"काय राहू दे?"

"प्रबंध. नाही जमा करत." आणि आत निघून गेले. एक मुलगा द्रावणाचा रंग बदलत नाही म्हणून केव्हाचा हात वर करून बसला होता.

मी मागच्या खोलीत गेले. लोडशेडिंगची वेळ व्हायला तासभर होता. त्या तासात मी जे केलं ते का केलं, याची मी नंतर पुष्कळ कारणं शोधली. त्यांच्या बायकोचं तोंड आठवलं, हे एक कारण. माझा हरण्याचा राग, हे दुसरं. कोणतं खरं, ते मला आजही सांगता येत नाही. मी टेबलाची फाइल उघडली. सरांनी प्रत्येक वाडीचे आकडे एका ओळीवर आणि शेरा नीट खालच्या ओळीवर टाइप केलेला होता. मी त्या चौतीस शेऱ्यांपुढे एकेक टक्क्याचं चिन्ह घातलं, आणि वरच्या मथळ्यातला शेराही तसाच झाकला. मी काही पुसलं नाही, असं स्वतःला बजावत होते. सगळं आहे, फक्त दिसायचं नाही. मग पान तयार करायला सांगितलं. टेबल समासाच्या आत जाऊन बसलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा यंत्राने एका शब्दाचीही कुरकुर केली नाही. मी सीडी तयार केली.

संध्याकाळी सरांना पोलादपूरला फोन केला. "बसलं," म्हटलं. "उद्या सकाळच्या मुंबई गाडीने निघा. मी महाडच्या स्टँडवर सीडी घेऊन येते."

रविवारी सकाळी गाडी महाडला दहा मिनिटं थांबली. सर खिडकीशी होते. मी खालून सीडी दिली. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

"बसलं म्हणता?"

"बसलं."

"शेऱ्यासकट?"

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलायला लागली होती, काही न बोलता सुटायची सोय होती. पण मी "हो" म्हटलं. सरांचा चेहरा असा काही उजळला की मी वळून दुसऱ्याच गाडीची पाटी वाचायला लागले.

प्रती मुंबईतच छापल्या, बांधल्या, सही झाली आणि मुदतीच्या आत जमा झाल्या. वर्षभराने तोंडी परीक्षा होऊन सर डॉक्टर सकपाळ झाले. कॉलेजात सत्कार झाला, प्राचार्य बोलले. सर उत्तरादाखल उभे राहिले आणि नेहमीचं ते वाक्य म्हणाले, सगळे हसले, आणि ते खाली बसले. माझ्याशी त्यांचं वागणं होतं तसंच राहिलं. सहलीच्या यादीत घाटातली खिडकी मिळत राहिली. त्या टेबलाबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. मी विचारण्याची हिंमत केली नाही. गणिताच्या सवयीने मी शक्यता मांडून बघायचे. एक, त्यांनी छापताना बघितलंच नाही. दोन, बघितलं, आणि यंत्रानेच रकाना खाल्ला असं समजले. तीन, बघितलं, सगळं कळलं, आणि तरीही जमा केलं. तिन्ही शक्यता त्या माणसात बसत नव्हत्या. ग्रंथालयातल्या प्रतीच्या कपाटापर्यंत मी दोनदा गेले आणि परत आले.

त्यानंतर काही महिन्यांनी मी स्वतःचा एक निबंध टाइप करत होते आणि मदतीसाठी एक जुनं पुस्तक चाळत होते. त्यात एक साधं वाक्य होतं. टेबलाच्या रकान्यासाठी आपण सुरुवातीला एक अक्षर लिहितो. मी सगळ्या रकान्यांना एल लिहिलं होतं. एल लिहिलं की मजकूर कधीच खालच्या ओळीवर उतरत नाही, सरळ एका रेषेत जात राहतो, कागद संपला तरी. त्याऐवजी पी लिहायचं आणि पुढे रुंदी द्यायची, चार सेंटिमीटर म्हणा. मग मजकूर आपोआप घडी घालून त्या घरात बसतो, कितीही लांब असला तरी. टेबल एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यायचीही सोय त्याच पानावर दिलेली होती. मी करून बघितलं. माझ्याकडे ती फाइल होती. टक्क्याची सगळी चिन्हं काढली, एलचा पी केला, आणि भागीआये सात ओळींत समासाच्या आत येऊन बसली. पाच मिनिटं लागली. मी संगणक बंद केला आणि बराच वेळ रडले, आणि हे मी कुणाला सांगितलं नाही, सरांना तर नाहीच.

आणि पुढच्याच आठवड्यात सर म्हणाले, "बाई, उंबरकोंडाला जायचंय. म्हातारीला पुस्तक दाखवायचं राहिलंय. तुम्हीही चला."

नाही म्हणायला तोंड हवं होतं. तोच दीड तासाचा चढ. सरांच्या पिशवीत या वेळी बाटल्या नव्हत्या, काळ्या कापडी बांधणीचा प्रबंध होता. मी वाटेत चारदा सांगायला तोंड उघडलं. चारही वेळा सर "हां, दम खाऊ या" म्हणून थांबले आणि मला पाणी दिलं.

भागीआये अंगणात बसली होती. वाळली होती, आणि डोळ्यांत पांढरं उतरलं होतं. सरांनी आवाज दिल्यावर तिने ओळखलं.

"आनलंस पुस्तक?"

"आनलं."

"माजं घर दाव."

मी अंगणाच्या कडेला उभी होते. मला वाटलं, आता सर पानं उलटतील, शोधतील, थांबतील, आणि मग वर बघतील. सरांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्याच फटक्यात ते पान उघडलं. बोट कुठे शोधायला गेलं नाही. ते सरळ उंबरकोंडाच्या ओळीवर गेलं आणि शेवटच्या घरावर थांबलं. त्या घरात क्षारांचा एक आकडा होता, बाकी काही नाही.

"हितं हाय बघ," सर म्हणाले. म्हातारीचं बोट धरून त्यांनी त्या आकड्यावर ठेवलं. "वाचू?"

"वाच."

"भागीआये, उंबरकोंड," सर वाचायला लागले. "पानी हाय ब्येस. पन चा काळा व्हतो. दूध घातलं तरी काळाच. चैतात म्हस तोंड लावीत नाय, हुंगते नि माघारी फिरते. माजी सासू सांगायची, ह्या पान्यात डोंगराचं रगत हाय. आमी पितो, काय झालं नाय. पन बाळंतिनीला देत नाय." वाचता वाचता ते तिचं बोट कागदावरून हळूहळू पुढे नेत होते, आकड्यावरून समासात, समासातून कागदाच्या कडेपर्यंत.

म्हातारी मान हलवत होती. सगळं बरोबर आहे याची तिने खात्री करून घेतली. मग माझ्याकडे मान वळवली.

"आनि ह्या बाईचं घर कुटलं रे?"

सरांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं नाही. "बाईंचं घर नाय त्यात," ते म्हणाले. "बाईंनी रेघा मारल्या सगळ्या."

भागीआयेने चाचपत माझा हात शोधला आणि आपल्या खरखरीत तळव्यात धरला.

"ब्येस मारल्यास गो," ती म्हणाली.